नावाडणीचा खर्ज

८ ऑक्टोबर १९५६

डॉक्टर मोंतानारींनी माझे बोलणे बंद केले आहे, म्हणून लिहिते. एरवी रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

गळ्यातली गाठ काढली. बोलोन्याच्या इस्पितळात आठवडाभर ठेवून घेतले आणि घरी पाठवताना बजावले की नाताळ होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजण्याने गळा बोलण्यापेक्षा जास्त ओढला जातो, हे त्यांनी मला समजावून सांगितले. मला! मी सगळा जन्म मुलींना हेच सांगत आले.

गाठ हरभऱ्याएवढी होती म्हणे. हे सांगताना डॉक्टर बोलत माझ्याशी होते आणि बघत योलेकडे होते. नंतर मला बाहेरच्या बाकावर बसवून ते तिच्याशी बराच वेळ बोलले. पथ्यपाण्याचे असणार. घरातला स्वयंपाक तीच करते.

योले माझ्याहून चार वर्षांनी लहान. शाळेत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झाली. घरी आल्याबरोबर तिने ट्रंकेतून एक पाटी काढली, एप्रनने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "घे ताई. आता तू पहिलीत."

सान्तो स्तेफानोच्या दिवशी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या थिएटरचा हंगाम उघडतो. यंदा राणी आणि नावाडणीचा ऑपेरा आहे. कास्तेलवेरोत तो न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. राणीच्या कामासाठी मी नीवेसला सहा वर्षे तयार करते आहे. नोव्हेंबरात थिएटरचे वाद्यवृंदसंचालक मायेस्त्रो कोर्रादी तिला ऐकायला इथे, माझ्या खोलीवर येणार आहेत. आणि नेमकी आत्ता मी मुकी.

१५ ऑक्टोबर

आज पाटीवर पहिली शिकवणी. पाटी उपयोगाची नाही. मी लिहीपर्यंत चूक होऊन पुढे निघून जाते. शेवटी पट्टी हातात घेतली. पियानोच्या कडेवर एकदा मारली की थांब, दोनदा मारली की पुन्हा.

नीवेस चीज करणाऱ्याची मुलगी आहे. लहानपणापासून चीजची जड चाके उलटवून तिच्या बरगड्यांना जो जोर आला आहे तो शहरातल्या मुलींना कुठून येणार? बुद्धी बरी आहे. जीभ मात्र फार चालते. अठराव्या वर्षी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच दिवशी मला विचारले होते, "पण असं का, बाई?" तेव्हापासून तेच चालू आहे.

खालच्या मजल्यावर लेआर्कोचे केशकर्तनालय आहे. थिएटरच्या माळ्यावरच्या स्वस्त जागांचा तो गेली वीस वर्षे पुढारी आहे. कुणाला टाळ्या आणि कुणाला शिट्ट्या हे तिथे तो ठरवतो, निदान त्याची तशी समजूत आहे. शिकवणी संपल्यावर त्याने चौकातून हाक मारली, "नीवेस, बाई बऱ्या आहेत ना? आज शिव्या ऐकू आल्या नाहीत."

तिने खिडकीतून वाकून सांगितले, "आजपासून लाकडी शिव्या आहेत, काका."

मी पट्टी मारली.

२३ ऑक्टोबर

राणीच्या तिसऱ्या अंकातल्या विनवणीला शेवटी जो वरचा सूर आहे तो नीवेसकडून अजून हवा तसा लागत नाही. लागतो, पण काचेसारखा पातळ लागतो. कुठे अडते ते तोंडाने सांगता येत नसल्यामुळे आज मी वेगळे केले. उजव्या हाताने पियानो, आणि डावा तळहात तिच्या छातीच्या मधल्या हाडावर. माझ्या शिक्षिका असे करत. मी कधी केले नव्हते. माझे कान चांगले आहेत.

वरच्या सुरांना हाताला काहीच लागले नाही. हिवाळ्यात विझलेल्या शेगडीवर हात ठेवावा तसे. खाली येताना, जिथे मी तिला हलके गायला लावते, तिथे मात्र हाड असे थरथरले की मांजर मांडीवर घुरघुरते आहे असे वाटावे. मी लगेच पट्टी मारली.

माझ्या वर्गात खर्जात उतरायला बंदी आहे. छातीचा आवाज एकदा सैल सोडला की वरचा आवाज हातचा गेला. सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची बाई, राणी होते. मेझ्झोच्या, त्याखालच्या आवाजाच्या बाईच्या, वाट्याला दाया, चेटकिणी आणि सवती. मेझ्झोसाठी लोकांनी कधी बग्गीचे घोडे सोडून स्वतः बग्गी ओढली आहे का? मी ऐकलेले नाही. मला या मुलीच्या हातात कंदील देऊन तिला कुणाच्या तरी मागे उभी करायची नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. योलेबरोबर स्मशानात जाऊन आई-बाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवली. धुके इतके की कमानीतून आत शिरेपर्यंत कमान दिसली नाही. लेआर्को त्याच्या बायकोच्या थडग्याजवळ उभा होता. आम्हांला पाहून टोपी काढून आला. बोलायला मीच नसल्यामुळे त्याला मोकळे रान मिळाले.

म्हणाला, "सत्तावीस साली तुम्ही राणी केलीत, बाई. मी पहिल्यांदाच माळ्यावर आलो होतो. दुसऱ्या अंकात ती देवळात खाली बसते आणि तुमचा आवाज खाली उतरतो ना, तेव्हा वर कुणी शेंगदाणा फोडत नव्हतं. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, पोरा, हे लक्षात ठेव."

पाटी माझ्या पिशवीत होती. मी लिहिले : आणि शेवटचा वरचा सूर?

त्याने वाचले. टोपी हातात फिरवली. म्हणाला, "तो काय, बाई. तो सगळ्याच घेतात."

हा अपमानच होता, पण थडग्यांमध्ये पाटीवर भांडता येत नाही. त्याने त्या वेळी शिट्टी वाजवली होती की नाही हे मला नक्की माहीत नाही. माळ्यावरून दोन-तीन वाजल्या होत्या. सात हंगामांनंतर मी रंगभूमी सोडली ती शिट्ट्यांमुळे नव्हे. गळा थकला. खूपजणींचा थकतो. असो.

१७ नोव्हेंबर

मायेस्त्रो कोर्रादी चारच्या सुमारास आले. योलेने बदामाची बिस्किटे केली होती, त्यांनी दोन खाल्ली. नीवेस काळ्या पोशाखात आली होती, केस बांधून, नीट. मी वाजवायला बसले.

राणीची विनवणी चांगली झाली. चूक एकही नाही. वरचा सूर आला, थांबला, गेला. मायेस्त्रोंनी डोळे मिटून ऐकले, उघडले आणि म्हणाले, "शिकवण उत्तम आहे, बाई. स्वच्छ आहे. दोन वर्षांनी पुन्हा ऐकेन." मग ओव्हरकोटाकडे हात नेला.

मी पाटीवर अर्धे वाक्य लिहिले होते तेवढ्यात नीवेस म्हणाली, "मायेस्त्रो, आणखी एक ऐकता? नावाडणीचा शाप."

मी पट्टी मारली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी वाजवायला नकार दिला, हात मांडीवर घेतले. ती पियानोशिवाय गायली.

हे ती कधी शिकली मला ठाऊक नाही. माझ्या स्वरलिपीच्या पुस्तकात दोन्ही कामे आहेत. मी राणी शिकवत असताना ती शेजारची ओळ वाचत असणार. नावाडणीचा मुलगा राणीच्या हुकुमाने नदीत बुडवला जातो, आणि ती काठावर उभी राहून त्याला परत बोलावते. त्याचे नाव ती तीनदा घेते, दर वेळी आणखी खाली. तिसऱ्यांदा नीवेस जिथे गेली तिथे जायला मी तिला सहा वर्षे बंदी केली होती. जाताना मध्ये एक धक्का बसला, पायरी चुकावी तसा. बाकी काही सांगण्यासारखे नाही. खाली लेआर्कोच्या दुकानातला रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

मायेस्त्रोंनी ओव्हरकोट पुन्हा खुर्चीवर ठेवला. म्हणाले, "राणी मी मिलानहून आणीन. नावाडीण मला इथे मिळाली. बाई, हे तुम्ही इतके दिवस लपवून ठेवलंत?"

मी पाटीवर लिहिले : ही सोप्रानो आहे.

ते हसले. डिसेंबरच्या पाचपर्यंत होकार कळवा, म्हणाले, आणि गेले.

नीवेसने तोंड उघडायच्या आत मी लिहिले : तुझी शिकवणी संपली. तिने वाचले. "पण असं का, बाई?" असे विचारील म्हणून मी थांबले. तिने विचारले नाही. शाल घेऊन गेली.

२६ नोव्हेंबर

दुसऱ्या दोन मुली येतात. एक औषधविक्याची, तिला लग्नापर्यंत वेळ घालवायचा आहे. दुसरी गाते, म्हणजे ओरडते. पट्टी मारून मारून पियानोची कड खराब झाली.

योले आज एकटीच बोलोन्याला गेली होती. लोकर आणायची म्हणाली. संध्याकाळी परत आली ती लोकर न घेता. दुकान बंद होते म्हणे. डोळे लाल होते. गाडीत धूर फार असतो. जेवताना तिने तीनदा विचारले, ताई, गिळताना दुखतं का? मी पाटीवर लिहिले, तू विचारलेस की दुखते.

२९ नोव्हेंबर

नीवेस आली. दारात उभी राहिली, बसली नाही. म्हणाली, "बाई, मी राणीच करते. मायेस्त्रोंना नाही म्हणून सांगते. दोन वर्षं तर दोन वर्षं."

वठणीवर आली. अभिमान बाळगण्यासारखी गोष्ट नाही, पण मला बरे वाटले. मी तिला बसायला खूण केली आणि लिहिले : उद्यापासून नेहमीच्या वेळी.

स्वयंपाकघरात योले भांडी आपटत होती. काय झाले म्हणून पाहायला गेले तर पाठ फिरवून उभी. म्हणाली, "काही नाही, कांदा." ओट्यावर कांदा नव्हता.

३ डिसेंबर

लोक माझ्याशी फार चांगले वागायला लागले आहेत. लेआर्कोने जिना झाडला. औषधविक्याने मधाची बाटली पाठवली आणि मुलीची फी आधीच दिली. योले रोज मला आवडते ते करते, आणि मी उरवले तर रागवत नाही. चाळीस वर्षे जी बाई एका उष्ट्या घासासाठी माझ्याशी भांडली ती आता ताट मुकाट्याने उचलून नेते.

आणि नीवेस वाद घालत नाही. पट्टी मारली की थांबते. दोनदा मारली की पुन्हा गाते. आज मी मुद्दाम एक चुकीची सूचना केली, जिथे श्वास घेणे वेडेपणाचे आहे तिथे श्वास घ्यायला सांगितला. तिने तो घेतला.

तळहात हाडावर ठेवला होता. विझलेली शेगडी.

४ डिसेंबर

कोर्रादींची मुदत उद्या संपते.

आज शिकवणी सुरूच केली नाही. तिला समोर बसवले आणि लिहिले : परत का आलीस?

"तुम्हांला राणी ऐकायची होती म्हणून."

मी लिहिले : हे तुला कुणी सांगितले? तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिले आणि नजर खाली घातली. तेव्हा तिथला भांड्यांचा आवाजही थांबला होता. मी पाटी पुसली. डॉक्टरांची नजर, बोलोन्याची लोकर, मध, झाडलेला जिना, हे एकाच ओळीत मांडायला मला फार वेळ लागू नये. मी शिकलेली बाई आहे. पण तो हिशेब आज माझ्या कामाचा नव्हता. आजचा प्रश्न दुसरा होता.

मी लिहिले : तुला काय गायचे आहे?

लिहून झाल्यावर लक्षात आले की हे मी तिला कधी विचारलेले नाही. तीही पाटीकडे बघत राहिली.

"नावाडीण," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "वर गाताना मी तुमच्यासाठी गाते, बाई. चूक होऊ नये म्हणून सारखं तुमच्या तोंडाकडे बघते. खाली उतरले की मला कुणाची आठवण राहत नाही. तुमचीसुद्धा."

उद्धट उत्तर आहे. सहा वर्षांत ती मला जे जे बोलली त्यातले हेच मला पहिल्यांदा पूर्ण खरे वाटले. मी उठले, तिचा हात धरून तिला पियानोपाशी नेले, तळहात हाडावर ठेवला आणि खूण केली : खाली.

ती घाबरली. मी पट्टी उचलून शेगडीत टाकली. तेव्हा गायली.

मांजर नव्हे. पाण्याची चक्की फिरते तेव्हा दाराच्या चौकटीला हात लावला तर असे लागते. माझ्या मनगटापर्यंत आले, कोपरापर्यंत आले. कानांना मी हवे ते ऐकवू शकते. हाताला ऐकवता येत नाही.

पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, नावाडीण, आणि खाली सही केली. योलेला म्हटले, म्हणजे लिहून दाखवायला पाटी उरली नव्हती, खुणेने सांगितले, की हे आत्ताच्या आत्ता थिएटरात नेऊन दे. धुक्याने अक्षरे पुसली जाऊ नयेत म्हणून ती पाटी शालीखाली धरून गेली. पहिलीतल्या मुलासारखी.

११ डिसेंबर

काम सोपे नाही. छातीचा आवाज आणि डोक्यातला आवाज यांच्यामध्ये सांधा असतो. मुलाचे नाव तिसऱ्यांदा घेताना तो सांधा बरोबर मधोमध येतो. नीवेस तिथे आदळते. खाली उतरल्यावर आवाज मोठा आहे म्हणून लोक टाळ्या वाजवतील, पण तो आदळ ऐकू येईल. मोठा आवाज गुरेही काढतात.

चार दिवस मी पाटीवर लिहिते आहे. उतरायच्या आधीच खालचा थोडा रंग वरच्या सुरात मिसळ. आणखी लिहिले : पायरी शोधू नकोस, उतार आहे असे समज. आणखी : जांभई. ती प्रत्येक शब्द वाचते, मान हलवते आणि आदळते. आज खडू मोडला. नीवेस रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला कळतंय, बाई, पण ते कसं वाजतं तेच मी कधी ऐकलेलं नाही."

ते खरे होते. माझ्या वर्गात कुणीच ते ऐकलेले नाही.

मी खिडकी लावली. उभी राहिले, बरगड्या उघडल्या आणि गायले. पूर्ण आवाजात. अर्ध्या आवाजात सांधा दाखवता येत नाही. ते नाव, तिसऱ्यांदा, वरून खालपर्यंत, एकदाच.

उतरताना कुठे पायरी लागली नाही. एकोणतीस वर्षांनी मी तिथे उतरत होते, आणि खोली आवरलेली होती, दिवा जळत होता, सगळे जिथल्या तिथे होते. हे काय लिहिले मी? पण दुसरे शब्द सुचत नाहीत. शेवटच्या सुराला घशात काहीतरी फाटल्यासारखे झाले. रुमाल तोंडाला लावला आणि खिशात ठेवला.

नीवेसने डोळे पुसले, जागेवर उभी राहिली आणि गायली. आदळली नाही.

जिन्यावर पावले वाजली. लेआर्को दारात, हातात ब्रश, ब्रशावर फेस. खाली कुणीतरी अर्धी दाढी होऊन बसला असणार. त्याने माझ्याकडे पाहिले, मग नीवेसकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटले, आता काहीतरी चावट बोलेल.

"सत्तावीस साल," एवढेच म्हणाला. आणि वाकून, फेस जमिनीवर सांडत, खाली गेला.

योलेने मला खूप बोलून घेतले. बरे वाटले. आठ-दहा दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्यावर नीट रागावली होती.

१९ डिसेंबर

बोलोन्याला तपासणी. डॉक्टरांनी आरसा घालून बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. विचारले, "बोललात का?" मी लिहिले : नाही. हे खोटे नाही.

मग पुन्हा मी बाकावर आणि योले आत.

२४ डिसेंबर

योलेने रश्शातल्या अनोलिनी केल्या. दोघींनी मिळून कणीक लाटली, सारण मी भरले. रस्सा प्यायले. अनोलिनी गिळायला जड गेल्या. ताटात उरलेल्या मांजराला दिल्या.

२७ डिसेंबर

काल हंगाम उघडला. क्रमाने लिहिते.

दारातच तमाशा. योले जांभळी ओढणी घालून आली होती. थिएटरात जांभळा रंग म्हणजे मरण ओढवून घेणे. दारवानाने ती तिच्याकडून काढून घेतली आणि दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखी बाहेर नेली. योले म्हणाली, "साठ वर्षांची झाले तरी हे मला कुणी सांगू नये?" मी तिला दर वर्षी सांगते.

पडदा उघडायच्या आधी मी रंगपटात गेले. तिथे कुणी कुणाला यश मिळो असे म्हणत नाही, ते अपशकुनी. गुरूने म्हणायचे, लांडग्याच्या जबड्यात जा. शिष्याने म्हणायचे, मरो तो लांडगा. नीवेसला म्हातारीचे काळे कापड नेसवले होते, केसांना राख लावली होती, आणि ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, कारण ते ऐकल्याशिवाय ती जाणार नव्हती. मला म्हणता येईना. बंदी होती म्हणून नव्हे. अकरा तारखेपासून प्रयत्न केला तरी निघत नाही.

मी पिशवीतून नादकाटा काढला, टेबलाच्या कडेवर वाजवला आणि त्याचा दांडा तिच्या छातीच्या हाडावर टेकवला. आवाज मरेपर्यंत तसाच धरला. ती म्हणाली, "मरो तो लांडगा."

मिलानची राणी देखणी होती. वरचा सूर घेतला, माळ्याने टाळ्या दिल्या. मीही दिल्या. माझे हात चालतात.

तिसरा अंक. नावाडीण नदीकाठी आली. पहिल्यांदा नाव घेतले, दुसऱ्यांदा घेतले. तिसऱ्यांदा घेताना मी खुर्चीचा कठडा धरला होता, आणि तो उतार माझ्या हाताला लाकडातून कळला. मला वाटलेही असेल. ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. माझी तिला आठवण नव्हती, हे मला चौथ्या रांगेतून दिसत होते, आणि यापेक्षा चांगले काही मी रंगभूमीवर पाहिलेले नाही.

टाळ्या आल्या नाहीत. शिट्ट्याही नाहीत. मायेस्त्रोंनी छडी खाली आणली नाही. वर माळ्यावर कुणी शेंगदाणा फोडला असता तर ऐकू आला असता. मग अंधारातून लेआर्कोचा आवाज आला, ओरडून नव्हे, चौकातून खिडकीत बोलावे तसा :

"बाई, ऐकलंत ना?"

आणि मग छत कोसळावे तसे सगळे थिएटर कोसळले. लोक मागे वळून मला शोधू लागले. योलेने मला कोपराने उठवले. मी उभी राहिले. काय करायचे ते कळेना, म्हणून मी मान हलवली, हो म्हणून. तेवढे पुरले असावे.

मायेस्त्रोंनी तो शाप पुन्हा गाऊ दिला. दुसऱ्या वेळी थोडा कमी चांगला झाला. ते मी नीवेसला आज पाटीवर सांगितले. ती म्हणाली, "पण असं का, बाई?" आणि आम्ही जेवणापर्यंत भांडलो.

३१ डिसेंबर

डॉक्टरांचा निरोप आला. दोन तारखेला पुन्हा इस्पितळात. योले म्हणते, थोडेसे साफ करायचे राहिले आहे, पंधरा दिवसांत घरी. तिने हे फार चांगले पाठ केले आहे. मी पाटीवर लिहिले : बरे, पंधरा दिवस. तिला त्यातले जास्त काही सांगायला लावणे म्हणजे वयस्कर बाईला जिन्यावरून पळायला लावणे.

आज दुपारी नीवेसला बोलावून पुढील वस्तू योलेसमक्ष तिच्या स्वाधीन केल्या.

राणी आणि नावाडणीच्या स्वरलिपीचे पुस्तक. राणीच्या ओळीवरच्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा मी खोडून टाकल्या आहेत. नावाडणीच्या ओळीवर खुणा नाहीत, त्या तिने आपल्या करायच्या.

नादकाटा, कातडी पाकिटासह.

काळी लोकरीची शाल, सत्तावीस सालची, उजव्या खांद्याला रफू. देवळातल्या प्रवेशाची.

खोलीची किल्ली. औषधविक्याची मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ओरडणारी गुरुवारी. तिला ओरडू द्यावे आणि आधी छातीच्या हाडावर हात ठेवून बघावे.

पियानो योलेचा राहील, पण दर शरद ऋतूत तो जुळवून घेण्याची जबाबदारी नीवेसची.

नीवेसने विचारले, "पंधरा दिवसांसाठी एवढं सगळं कशाला, बाई?" तिनेही पाठ केलेले होते, पण योलेइतके चांगले नाही. मी तिला सही करायला कागद दिला. तिने न वाचता सही केली. मी तो परत पुढे केला आणि वाचायला लावले.

पट्टी देता आली नाही. ती जळाली.

पाटी दिलेली नाही. ती मी बरोबर नेते आहे. पुढेही लागेल.